नवरा अंथरुणावर असताना भरतकाम करत बसले, तर चुकलं का?

कोल्हापुरात गंगावेशीजवळ राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देते.

"आमचे मालक शिवाजी उद्यमनगरात लेथवर कामाला होते. गेल्या श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. दवाखान्यात असताना शेजारच्या खाटेपाशी कागलकडच्या एक आजी रुमालाला टाके घालत बसायच्या. 'बसून बसून डोकं फिरंल पोरी, हे घे' म्हणून त्यांनी मला एक तुकडा आणि सुई दिली. तेव्हापासून मी रोज थोडं भरते. लग्नात रुखवतासाठी मोराचा पडदा भरला होता, तो २०१९ च्या पुरात गेला. मधल्या काळात सुई हातात धरली नव्हती. आता भरायला बसलं की तेवढा वेळ डोकं शांत राहतं. पण वरच्या मजल्यावर थोरल्या जाऊबाई आहेत. येता-जाता म्हणतात, 'नवरा हातरुणावर आणि ही बसलीया फुलं काढत.' मला लाज वाटते. कोणी आलं की कापड उशीखाली सारते. शेजारीण म्हणते, एवढा वेळ घालवतेस तर आरी वर्क शीक, ब्लाउजच्या ऑर्डरी घे. पैशाची ओढाताण आहेच. मुलगा पुण्यात असतो, मुलगी गडहिंग्लजला दिलीय. परवा मी लडी निवडत होते तर ह्यांनी डाव्या हातानं हिरव्या दोऱ्याकडं बोट केलं, मग मी तोच घेतला. मी करते ते बरोबर का चूक? याचा कुणाला काही उपयोग आहे का? मी चोपन्न वर्षांची आहे, डोळ्यांनाही हल्ली नीट दिसत नाही."

ताई,

उत्तराआधी एक काम सांगते, ते आजच करा. कोणी आलं की तुम्ही कापड उशीखाली सारता. त्या घाईत सुई कुठं असते? अर्धांगात हालचाल जाते तशी पुष्कळ रुग्णांची त्या बाजूची जाणीवही कमी होते. त्यांच्या उजव्या कुशीखाली सुई गेली तर त्यांना कळेलच असं नाही, आणि कळलं तरी ते तुम्हाला सांगणार कसं? म्हणून आजपासून त्यांच्या खाटेवर बसून भरायचं नाही. खुर्ची घ्या नाहीतर खाली बसा, पण खाटेपासून हातभर लांब. बाहेर दोनच सुया ठेवायच्या, बाकीच्या पुडीत. एखादा बिस्किटाचा पत्र्याचा डबा असेल तर त्यात कापड आणि सुईगादी एकत्र ठेवा. उठायची वेळ आली की दोरा ओवलेला तसाच राहू दे, पण सुई सुईगादीत टोचायची आणि झाकण लावूनच उठायचं. एखादी हरवलीच तर चादर झटकू नका, सुई उडून कुठंही जाते. आधी चुंबक फिरवा. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरात चुंबक नक्की सापडेल.

म्हणजे लपवणं थांबवायला पहिलं कारण हे आहे. लाजेचं नंतर बोलू, आधी सुई.

आता तुमचा प्रश्न. तुमचं काहीही चुकत नाही. मी असं का म्हणते ते सविस्तर सांगते, कारण नुसतं 'चूक नाही' म्हटल्यानं तुमची लाज जाणार नाही.

आजारी माणसाचं ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक असतं की या कामातलं मागं काही उरत नाही. सकाळी अंग पुसायचं, भाकरी कुस्करून भरवायची, गोळ्या द्यायच्या, दोन-दोन तासांनी कूस बदलायची, हातापायाचे व्यायाम करून घ्यायचे, चादर बदलायची. संध्याकाळी बघावं तर सगळं सकाळी होतं तिथंच. उद्या परत पहिल्यापासून. शिवाय हे काम नीट झालं तर कोणाला दिसत नाही, राहिलं तर मात्र दारातून आत आलेल्या पहिल्या माणसाला दिसतं. तुम्ही श्रावणापासून हे करताय, आणि इतक्या महिन्यांत 'हे बघा, हे मी केलं' म्हणून दाखवायला तुमच्याकडं काही नाही. मालकांच्या पाठीला जखम झाली नाही हे खरं तर फार मोठं काम आहे, पण न झालेली जखम कोण बघायला येतं?

त्या सगळ्यात तुम्ही दुपारी एक पान भरता. दुसऱ्या दिवशी डबा उघडला की ते पान तिथंच असतं. त्याला परत भरावं लागत नाही. काल जिथं थांबलात तिथून पुढं जायचं असतं. तुमच्या दिवसात अशी दुसरी कोणतीही गोष्ट नाही, म्हणून तुमचा जीव तिच्याकडं धावतो. यात चैन नाही की चुकारपणा नाही.

दुसरं असं की त्यांचा हात कधी उचलेल, शब्द कधी फुटेल, हे तुमच्या हातात नाही. झटक्यानंतरच्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा जास्त वेगानं होते, पुढं ती सावकाश चालू राहते, पण कोणाची किती होईल हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. अशा टांगणीला लागलेल्या दिवसांत चार बोटं कापडावर तुमचं चालतं. टाका वाकडा गेला तर उसवायचा आणि परत घालायचा. दोन घरं मोजायची, सुई खालून वर काढायची, दोरा ओढायचा, परत दोन घरं. मोजणी चालू असेपर्यंत 'उद्या काय होईल' हा विचार मध्ये घुसला की मोजणी चुकते, आणि मोजणी सांभाळली की तो विचार बाहेर थांबतो. डोकं शांत होतं असं तुम्ही लिहिलंय, ते यामुळं.

जाऊबाईंच्या बोलण्याचा मी बराच विचार केला. तुम्ही तेवढ्याच वेळात तांदूळ निवडत बसला असता, तर त्या एक अक्षर बोलल्या नसत्या. उन्हाळ्यात जुनी लुगडी काढून वाकळ शिवायला घेतली असती, तर उलट त्यांनी कौतुक केलं असतं. वेळ तेवढाच, सुई तीच, धावदोराही तोच. त्यांना खुपतो तो रंग. घरात आजारपण असताना बाईच्या मांडीवर फुलं, पानं, लाल-पिवळे दोरे दिसले की आपल्याकडच्या जुन्या नजरेला ते सणावाराचं दिसतं. दुःखातल्या बाईनं दुःखी दिसलं पाहिजे ही समजूत जाऊबाईंनी काढलेली नाही, त्यांच्यावरही ती कोणीतरी लादलीच असणार. म्हणून त्यांच्यावर रागावू नका, पण त्यांचं ऐकूही नका.

पहिलं महायुद्ध संपताना, १९१८ मध्ये, लंडनमध्ये अर्नेस्ट थेसिजर नावाच्या नटाच्या पुढाकारानं अपंग झालेल्या सैनिकांसाठी भरतकामाचा एक उद्योग उभा राहिला. थेसिजर स्वतः युद्धात जखमी झाला होता. ज्यांना परत कामावर जाणं शक्य नव्हतं असे पुरुष घरी बसून, अंथरुणावर पडून टाके घालायचे आणि त्याचे त्यांना पैसे मिळायचे. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधल्या वेदीचं एक भरलेलं वस्त्र शंभराहून जास्त जखमी सैनिकांनी मिळून केलंय. बंदूक धरलेले हात होते ते. त्यांना कोणी 'बसलाय फुलं काढत' म्हटलं असेल की नाही कोण जाणे, पण त्यांनी ती काढली.

जाऊबाईंना हे सगळं सांगत बसू नका. त्यांना एवढंच सांगा: "अक्का, दुपारी ह्यांचा डोळा लागला की मी तासभर भरायला बसते. आठवड्यातनं दोन दुपारी तुम्ही खाली येऊन ह्यांच्याजवळ बसाल काय? मला तेवढंच जरा आतल्या खोलीत बसता येईल." सरळ आवाजात, डोळ्यात बघून. त्या कदाचित नाही म्हणतील. तरी विचारा. वरच्या मजल्यावरून बघणाऱ्या माणसाला खाली काय चाललंय याचा अंदाज नसतो, आणि एक दुपार खाटेशेजारी काढली की तो येतो. मला मनापासून वाटतं की त्या येतील. दीर आजारी असताना मदत कशी करावी हे न सुचल्यामुळंही माणसं टोमणे मारतात.

उपयोगाचं विचारलंत. तुम्हाला मी १९४२ सालातल्या बायकांची गोष्ट सांगते. जपानी सैन्यानं सिंगापूर घेतलं तेव्हा तिथल्या परदेशी बायका-मुलांना चांगी तुरुंगात डांबलं, पुरुषांना वेगळीकडं. नवरा जिवंत आहे की नाही हे बायकोला कळायला मार्ग नाही, बायको कुठं आहे हे नवऱ्याला कळायला नाही. चिठ्ठीचपाटी बंद. एथेल मलव्हनी नावाच्या कैदी बाईनं कल्पना काढली की आपण जखमी सैनिकांसाठी गोधड्या करू. प्रत्येकीनं कापडाचा एक चौकोन घ्यायचा, त्यावर मनातलं काही भरायचं आणि आपलं नाव घालायचं. एकेका गोधडीत असे ६६ चौकोन. अधिकाऱ्यांची परवानगी मिळावी म्हणून एक गोधडी जपानी जखमींसाठीही केली. गोधड्या दवाखान्यात पोचल्या, आणि त्यावरची नावं वाचून पलीकडच्या पुरुषांना कळलं की आपली बायको अजून आहे. त्यातल्या दोन गोधड्या ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या युद्धस्मारकात जपून ठेवल्यात.

त्या बायका सांगू शकत नव्हत्या म्हणून त्यांनी कापडावर सांगितलं. आता तुमच्या पत्रातलं ते हिरव्या दोऱ्याचं वाक्य परत वाचा. तुम्ही ते मुलाच्या आणि मुलीच्या पत्त्याशेजारी जाता-जाता लिहून टाकलंय. मला विचाराल तर अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी ती आहे. ज्या माणसाचं बोलणं गेलंय त्यानं दोऱ्यांकडं बघितलं, विचार केला, एक पसंत केला, आणि ते तुम्हाला कळवलं. तुम्ही तो दोरा घेतलात, म्हणजे त्याचं म्हणणं ऐकलं गेलं. झटक्यानंतर त्यांचं म्हणणं ऐकून एखादी गोष्ट तशी झाली, असं आणखी कधी झालंय?

हे पुढं न्या. रोज बसताना दोन लड्या त्यांच्यासमोर धरा, एक डाव्या बाजूला, एक मधोमध. दोनच, पाच नकोत. उजवीकडचं दिसायलाही काहींना अडचण येते, म्हणून उजवीकडं धरू नका. 'हा, का हा?' एवढं विचारा आणि थांबा. आपल्याला थांबायचा कंटाळा येतो आणि आपणच बोलून मोकळे होतो, ते टाळा. बोट उठायला वेळ लागला तर लागू दे. त्यांनी जांभळं पान मागितलं तर जांभळं भरा. स्पीच थेरपी देणारे लोकही बोलणं गेलेल्या रुग्णाला दोन गोष्टींतली एक निवडायला लावतात. तुमची गाठ अजून अशा थेरपिस्टशी पडली नसेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा, आणि हे दोऱ्याचंही सांगा.

अजून एक. लेथवर काम केलेल्या टर्नर माणसाची नजर सुताएवढा फरकही पकडणारी असते. ओळ सरळ आली का, दोन फुलांमधलं अंतर सारखं आहे का, हे त्यांना दाखवून विचारत जा. मान हलवून हो-नाही सांगता येत असेल तर तेवढं पुरे. तपासून घेतल्याशिवाय जॉब, म्हणजे घडवलेला नग, पुढं जात नाही, ही त्यांची सवय. उजव्या हाताखाली कापडाची कड दाबून धरायला द्यावी का, हे मात्र फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवा. आपल्या मनानं हात ओढायचा नाही, खांदा दुखावतो.

आता थोडं हातकामाचं, कारण तुम्ही तीस वर्षांनी सुई धरलीय आणि तुमची बसण्याची तऱ्हा रुखवताच्या दिवसांसारखी राहिलेली नाही. तेव्हा दुपारभर बसता यायचं. आता दहा मिनिटांत तीनदा उठावं लागतं. टाका त्या हिशेबानं निवडा. साखळी टाका दिसायला सोपा, पण मध्येच सोडला आणि दोऱ्याला ओढ बसली तर शेवटचा फास सुटतो आणि मागची साखळी उसवत येते. परत आल्यावर तुम्ही कपाळाला हात लावून बसणार. त्यापेक्षा दांडी टाका, उलटी टीप, फुली टाका हे बरे. कुठंही सोडा, घातलेला टाका जागेवर राहतो. छटा मिसळत भरायची मोठी फुलं सध्या नकोत. त्याला सलग लक्ष लागतं आणि जमलं नाही की चिडचिड होते. मॅटीवर, म्हणजे चौकोनी घरांच्या विणीच्या कापडावर, फुली टाक्याचं काम तुम्हाला सगळ्यात सोयीचं पडेल असं मला वाटतं. घरं मोजायची, नक्षी पुढं न्यायची, छापायची कटकट नाही.

लडी सहा पदरी असते, आठ मीटरची. दोन-तीन पदर पुरतात, आणि ते एकदम न ओढता एकेक करून काढायचे, म्हणजे गुंता होत नाही. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत एवढाच तोडा. लांब दोरा घेतला की ओवायचे कष्ट वाचतात असं वाटतं, पण कापडातून फिरून फिरून तो पिंजतो. लाल, काळा आणि गडद निळा वापरायच्या आधी ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघा, रंग लागला तर पांढऱ्या कामात तो घेऊ नका. कापड ताणायची रिंग लावत असाल तर उठताना सैल करून काढून ठेवा, नाहीतर वळ पडतो आणि इस्त्रीनंही लवकर जात नाही. इस्त्री उलट्या बाजूनं, खाली टॉवेल घालून.

त्यांच्यासाठी काही भरावंसं वाटेल, ते साहजिक आहे. पण अंगाखालची चादर, डोक्याखालचा अभ्रा यांवर भरू नका. गाठीचे टाके आणि दोऱ्याचे उंचवटे सतत पडून असलेल्या माणसाच्या कातडीला टोचतात, आणि ज्या बाजूला जाणीव कमी तिथं जखम झालेली उशिरा कळते. ते कपडे तुम्हाला गरम पाण्यात धुवावे लागत असणार, भरतकाम त्यात टिकतही नाही. उजवा हात टेकायला जी उशी देता तिच्या अभ्र्याची लोंबती कड भरा, जिथं हात टेकत नाही ती. नाहीतर त्यांच्या नजरेसमोरच्या खिडकीचा पडदा भरा. त्यांना दिवसभर तीच भिंत आणि तीच खिडकी दिसते. मोराचा पडदा पुरात गेला म्हणालात, तर मोर परत भरायलाच हवा असंही नाही. काय हवं ते त्यांना विचारता येईल, आता विचारायची रीत सापडलीय.

पुढं कधी हात बसला आणि दुपारी जरा मोकळ्या झाल्या, तर कसुतीकडं वळा. धारवाडकडची ही कला आपल्याला परकी नाही, आपल्या भागातल्या आज्यांच्या इरकली लुगड्यांवर ती असायची. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी असे चार टाके. गवंतीत जाताना एक आड एक टाका घालत जायचं आणि येताना सुटलेल्या जागा भरत यायचं, गाठ कुठंच मारायची नाही, म्हणजे उलटसुलट दोन्हीकडून नक्षी सारखी दिसते. पण परतीची वाट आधी डोक्यात ठरवावी लागते. रात्रीची झोप मोडलेल्या माणसानं त्यात पडू नये. सध्या फुली टाका.

आरी वर्कबद्दल शेजारणीचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पैसे लागतात, आणि कोल्हापुरात लग्नाच्या ब्लाउजना मागणीही आहे. पण आरीचं कापड मोठ्या चौकटीवर ताणून बसवावं लागतं. एक हात वर आकड्याच्या सुईला, दुसरा खाली दोरा धरायला. मालकांना काही लागलं की तो पसारा सोडून उठणं, परत येऊन हात जमवणं हे दिवसातून पंचवीसदा होईल. वर मणी, टिकल्या, जर, आणि लग्नसराईत 'ताई, परवा हळद आहे' म्हणून येणारे फोन. ज्या तासात तुम्हाला कोणी काही मागत नाही असा तो एकच तास आहे, तो तुम्ही गिऱ्हाइकाला देऊन बसाल. माझं स्पष्ट मत आहे की आत्ता देऊ नका. वर्षानं घडी बसली तर बघू.

मग पैशाचं काय? ते सुईवर टाकू नका, दुसरीकडं बघा. मालकांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात होता का, हे आधी तपासा. अर्धांगवायू ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. नोकरीची आणि वर्गणीची अट पूर्ण होत असेल तर साधा आजारलाभ संपल्यावर वाढीव आजारलाभ मिळतो, सरासरी रोजाच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. झटक्याला बरेच महिने झालेत, तेव्हा कागद घेऊन याच आठवड्यात कारखान्यात आणि ईएसआय कार्यालयात चौकशी करा. पीएफचं बघा. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करा. ही धावपळ तुमच्यानं होणार नाही, तर मुलाला दोन दिवस रजा टाकून बोलवा. 'जमेल तेव्हा ये' असं म्हणू नका, तारीख सांगा. मुलीलाही महिन्यातले दोन रविवार मागा. तुम्ही पत्रात दोघांची गावं लिहिलीत, पण त्यांच्याकडून काय हवं ते एका ओळीतही लिहिलं नाहीत. त्यांनाही ते कधी सांगितलं नसावं, असा मला दाट संशय आहे.

एक गोष्ट मात्र काळजीनं सांगते. भरतकामानं तासभर बरं वाटतं, पण ते तासापुरतंच. झोप लागेनाशी झाली, अन्न गोड लागेना, डबा उघडायचीही इच्छा होईना, किंवा 'यापेक्षा आपण नसलेलं बरं' असा विचार एकदा जरी मनात आला, तर तिथं सुईचं काम संपलं. तेव्हा डॉक्टर लागतात. आपल्या सीपीआर सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. घरातून पाय निघत नसेल तर १४४१६ वर फोन लावा. टेलि-मानस ही सरकारची सेवा आहे, २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता जाऊबाईंना हाक मारायचा संकोच वाटेल, इथं तो नको.

राहिले डोळे. तुमच्या वयात जवळचं न दिसणं स्वाभाविक आहे, पण रस्त्यावरचा तयार चष्मा उचलू नका. नेत्रतज्ज्ञाकडून दोन्ही डोळे नीट तपासून घ्या, मोतीबिंदू आणि डोळ्यातला दाबही बघायला सांगा. रक्तातली साखर आणि स्वतःचा रक्तदाब त्याच फेरीत तपासा, मालकांच्या आजारपणात तुमचा राहून गेला असेल. मॅटी घेताना इंचाला चौदा घरांची न घेता अकरा घरांची मागा, भोकं मोठी असतात. महाद्वार रोडच्या बाजूला शिवणाच्या सामानाच्या दुकानांत मिळेल. तिथंच सुईत दोरा ओवायची पातळ तारही घ्या, किरकोळ किमतीची असते. उजेड डाव्या बाजूनं येईल असं बसा. पांढऱ्यावर पांढरं आणि काळ्या कापडावरचं काम दिवेलागणीनंतर करू नका. आणि पंधरा-वीस मिनिटांनी मान वर करून लांबवर बघत जा.